बॉस, आयडिया बोर्डवर टाका!

माझ्या पहिल्या ऑफिसात 'सजेशन बॉक्स' होता. मी मोठ्या उत्साहात तीन चिठ्ठ्या टाकल्या. पेटी उघडली ती थेट ऑफिस शिफ्ट होताना! तुमचंही असंच झालंय ना?

परवा यवतमाळला घरी गेलो. दत्त चौकाजवळ राहणारा मित्र घरूनच पुण्यातल्या कंपनीचं काम करतो. "अबे, तिकडे च्या पेता पेता सगळं ठरते, मले कोन विचारते?" ही त्याची जुनी तक्रार.

आता त्यांच्या टीमने ट्रेलोवर बोर्ड केलाय. कुणीही आयडियाचं कार्ड टाकायचं. फायदा, मेहनत, खर्च यावर टीम मार्क देते. पास झालेल्या कार्डाला एक जबाबदार माणूस आणि तारीख मिळते, मग दोन आठवड्यांची ट्रायल. जमलं तर प्रोजेक्ट, नाहीतर कारण तिथेच लिहायचं. ग्राहकांच्या नेहमीच्या प्रश्नांना तयार उत्तरं ठेवायची, ही मित्राची आयडिया अशीच प्रोजेक्ट झाली.

फंडा नवा नाही. टोयोटाने कामगारांच्या सूचनांची योजना १९५१ मध्येच सुरू केली. आयबीएमच्या २००६ च्या 'इनोव्हेशन जॅम'मध्ये दीड लाखांवर मंडळी ऑनलाइन जमली. त्यातून निवडलेल्या १० नव्या व्यवसायांसाठी कंपनीने १० कोटी डॉलर दिले.

पण नुसतं सॉफ्टवेअर आणून भागत नाही. कार्ड वाचून निकाल देणारं कुणी नसेल, तर बोर्डचीही पेटीच होते!

मित्राची दुसरी आयडिया नापास झाली. कारण वाचून तो हसला, "निदान वाचली त कोनी!"