कर्णबधिरांचे लघुपट : हातांच्या भाषेची लेखणी म्हणजे कॅमेरा

जयपूर : कर्णबधिरांविषयीचे चित्रपट भारतीय प्रेक्षकांना नवे नाहीत. कर्णबधिरांनी स्वतः काढलेले चित्रपट मात्र अजूनही मोजक्याच लोकांपर्यंत पोहोचतात. जयपूरमध्ये हे अंतर ठळकपणे जाणवते. येथे २००९ पासून आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरतो आणि त्यात लघुपटही दाखवले जातात. शासकीय सेठ आनंदीलाल पोद्दार बधिर विद्यालयही याच शहरात आहे. या शाळेत शिकणारे मूल उद्या दिग्दर्शक झाले, तर त्याचा चित्रपट केवळ विषयानेच नव्हे, तर रचनेनेही वेगळा असेल. त्याचे कारण त्याच्या भाषेत दडलेले आहे.

सांकेतिक भाषा ही हावभावांची ढोबळ खूण नसून स्वतःचे व्याकरण असलेली भाषा आहे. हातांचा आकार, त्यांची जागा व हालचाल, भुवया आणि चेहऱ्यावरील भाव यांतून तिचे वाक्य घडते. तिला सर्वमान्य लिपी नाही. त्यामुळे तिच्यातील कथा, विनोद आणि आठवणी जशाच्या तशा जपायच्या असतील, तर त्यांचे चित्रीकरण करण्यावाचून गत्यंतर नाही. कर्णबधिर समाजासाठी चित्रफीत हे मनोरंजनाच्या आधी दप्तर आहे.

ही जाणीव जुनी आहे. १८८० मध्ये इटलीतील मिलान येथे भरलेल्या शिक्षकांच्या परिषदेने कर्णबधिर मुलांना सांकेतिक भाषेऐवजी तोंडी भाषेतून शिकवावे, असा ठराव केला. त्यानंतर अनेक देशांतील शाळांतून सांकेतिक भाषा हद्दपार झाली. आपली भाषा नष्ट होईल या भीतीने अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्णबधिर संघटनेने चित्रफिती तयार करण्यास सुरुवात केली. १९१३ मध्ये जॉर्ज वेडिट्झ यांनी सांकेतिक भाषेच्या जतनाचे आवाहन करणारे भाषण त्याच भाषेत, कॅमेऱ्यासमोर केले. त्याच वर्षी ३ मे रोजी मुंबईत दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला. त्या काळी मूकपट पाहताना ऐकणारा आणि न ऐकणारा, दोघेही पडद्यावरील पाट्या वाचूनच कथा समजून घेत. १९३१ मध्ये ‘आलम आरा’ आला, चित्रपट बोलू लागला आणि कर्णबधिर प्रेक्षक त्यापासून तुटला.

कर्णबधिर दिग्दर्शकाच्या चित्रपटाचे तंत्र या भाषेतूनच ठरते. बोलणाऱ्याचा केवळ चेहरा दाखवणारे जवळचे दृश्य इतर चित्रपटांत चालते. येथे हात चौकटीबाहेर गेले, की वाक्यच तुटते. खूण पूर्ण होण्याआधी दृश्य बदलले, तर शब्द अर्धवट राहतो. काळोखात संवाद होऊ शकत नाही आणि पाठमोरे पात्र बोलू शकत नाही. पडद्याबाहेरून येणारा आवाज, दारावरील थाप किंवा फोनची घंटा यांवर कथा वळवता येत नाही. त्यांच्या जागी उघडझाप करणारा दिवा किंवा जमिनीची थरथर येते.

आशयातही असाच फरक पडतो. ब्रिटनमधील कर्णबधिर दिग्दर्शक टेड इव्हान्स यांचा ‘द एंड’ हा २०११ मधील लघुपट त्याचे उदाहरण आहे. बहिरेपणा नाहीसा करणारा उपचार निघाला, तर काय होईल, अशी कल्पना करून चार मुलांची अनेक दशकांची वाटचाल त्यात दाखवली आहे. ऐकणाऱ्या समाजाला जो वैद्यकीय विजय वाटेल, तोच येथे एका भाषेचा आणि समाजाचा अस्त ठरतो.

कर्णबधिर आईवडिलांची ऐकू येणारी मुले या दोन जगांच्या सीमेवर वाढतात. त्यांच्यासाठी ‘कोडा’ ही संज्ञा रूढ आहे. घरातील पहिली भाषा हातांची, बाहेरची भाषा तोंडाची. त्यामुळे बँकेत, दवाखान्यात, शाळेत लहान वयातच दुभाष्याचे काम त्यांच्याकडे येते. गुलजार यांच्या ‘कोशिश’ (१९७२) मध्ये कर्णबधिर दाम्पत्याचा ऐकणारा मुलगा आहे. संजय लीला भन्साळी यांच्या ‘खामोशी : द म्युझिकल’ (१९९६) मध्ये गोव्यातील अशाच कुटुंबातील मुलगी आहे. संजीव कुमार आणि जया भादुरी, तसेच नाना पाटेकर आणि सीमा बिस्वास यांच्या या भूमिका गाजल्या. पण हे सर्व कलाकार ऐकणारे होते. २०२२ मध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर मिळवणाऱ्या ‘कोडा’मध्ये आई, वडील आणि भाऊ या भूमिका कर्णबधिर कलाकारांनी केल्या. वडिलांची भूमिका करणारे ट्रॉय कॉट्सर यांना सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्याचा पुरस्कारही मिळाला.

‘खामोशी’ आणि ‘कोडा’ या दोन्ही चित्रपटांतील मुलगी गायिका आहे. आईवडिलांना जे ऐकू येत नाही, तेच तिला हवे असते. अशा घरांत प्रत्यक्ष वाढलेल्या दिग्दर्शकांनी मात्र वेगळ्या कथा निवडल्या. अमेरिकेच्या आयरीन टेलर ब्रॉडस्की यांनी ‘हिअर अँड नाउ’ (२००७) या माहितीपटात वयाच्या ६५ व्या वर्षी कॉक्लिअर इम्प्लांट करून घेणाऱ्या स्वतःच्या आईवडिलांचे चित्रण केले. दक्षिण कोरियाच्या ली-किल बोरा यांनी ‘ग्लिटरिंग हँड्स’ (२०१४) मध्ये आपल्या घराची दैनंदिनी मांडली. या दोन्ही माहितीपटांत आईवडील मुलीच्या वाटेतील अडचण म्हणून नव्हे, तर कथेचे नायक म्हणून येतात.

भारतात २०११ च्या जनगणनेत श्रवणदोष असलेल्या व्यक्तींची संख्या सुमारे ५० लाख ७१ हजार नोंदवली गेली. १९७८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात दिल्ली, मुंबई, कोलकाता आणि बंगळूर येथील सुमारे तीन-चतुर्थांश खुणा एकमेकींशी नाते सांगणाऱ्या आढळल्या. व्याकरणही बहुतांशी समान आहे. म्हणजे जयपूरमध्ये तयार झालेला सांकेतिक भाषेतील लघुपट कोल्हापूर किंवा नागपूरमधील कर्णबधिर प्रेक्षकापर्यंत भाषांतराविना पोहोचू शकतो. बोलक्या भारतीय चित्रपटाला अशी सोय नाही. दिल्लीतील भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राने २०२१ पर्यंत १० हजार संज्ञांचा दृक्कोश तयार केला. मुंबईतील ‘इंडिया सायनिंग हँड्स’ या भाषेत बातम्या देते.

नियमांचा आधार मात्र अपुरा आहे. माहिती व प्रसारण मंत्रालयाने मार्च २०२४ मध्ये चित्रपटगृहांसाठी सुलभतेची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. श्रवणदोष असलेल्यांसाठी संवादपट्ट्यांसारख्या आणि दृष्टिदोष असलेल्यांसाठी ध्वनिवर्णनासारख्या सोयी त्यांत सांगितल्या आहेत. ही तत्त्वे चित्रपटगृहांत प्रदर्शित होणाऱ्या पूर्ण लांबीच्या कथापटांसाठी आहेत. लघुपट त्यांच्या कक्षेबाहेर राहतात. शिवाय त्यांचा भर प्रेक्षकाच्या सोयीवर आहे. कॅमेरा हाती घेऊ इच्छिणाऱ्या कर्णबधिर तरुणाला चित्रपट प्रशिक्षणात दुभाष्या मिळावा, महोत्सवातील चर्चेत त्याला आपल्या भाषेत उत्तर देता यावे, ही पुढची पायरी आहे. जयपूरसारख्या महोत्सवांना त्यासाठी नव्या नियमाची वाट पाहण्याचे कारण नाही. व्यासपीठावर एक दुभाष्या आणि पडद्यावर संवादपट्टी, एवढ्यापासून सुरुवात होऊ शकते.