रिमोटचा दिवा तारेच्या टोकाला

 रिमोटमधला संकेत कधी कधी हवेऐवजी तारेतून सीसीटीव्हीच्या रेकॉर्डरपर्यंत (डीव्हीआर) न्यावा लागतो. भिवंडीजवळच्या कोन-सरवली पट्ट्यात ही गरज सहज पडते. यंत्रमागाचे गाळे असोत वा गोदामे, हा डीव्हीआर चोरी आणि सुताच्या धुळीपासून वाचावा म्हणून लोखंडी कपाटात कुलूपबंद ठेवला, की पडदा केबिनमध्ये राहतो आणि रिमोट निकामी होतो, कारण इन्फ्रारेड प्रकाश पत्र्यातून जात नाही. तार ओढावीच लागते. ती जोडायची कुठे, एवढाच प्रश्न. माझे मत स्पष्ट आहे: रेकॉर्डर उघडू नये. रिमोटचा एलईडी काढून तारेच्या टोकाला डाख द्यावा आणि रेकॉर्डरच्या काळ्या खिडकीसमोर चिकटवावा.

एलईडी वगळून तार थेट रेकॉर्डरमध्ये जोडली तर काम आणखी पक्के होईल, असे पुष्कळांना वाटते. तसे होत नाही. रिमोटचा दिवा नुसता लागत-विझत नाही. प्रत्येक ठोक्याच्या आत तो सेकंदाला सुमारे ३८ हजार वेळा लुकलुकतो. टीएसओपी १७३८ सारखा तीन पायांचा रिसीव्हर ही लुकलुक गाळून मूळ ठोकाच पुढे देतो, तोही उलटा: प्रकाश आला की त्याचा आउटपुट खाली जातो. प्रचलित एनईसी पद्धतीत सुरुवातीला ९ मिलिसेकंदांचा लांब ठोका, मग ४.५ मिलिसेकंदांची शांतता आणि त्यानंतर ३२ बिट असतात. रिमोटची तार रिसीव्हरच्या आउटपुटला जोडली, तर न गाळलेली लुकलुक प्रोसेसरपुढे जाते आणि त्याला त्यातून काहीच उमगत नाही. शिवाय दोन्हीकडचे व्होल्टेज जुळवा, वीज अडवून प्रकाशानेच संकेत पुढे देणारा ऑप्टोकपलर बसवा, वॉरंटीवर पाणी सोडा. जे काम रिसीव्हर आधीच चोख करतो, तेच पुन्हा कशाला उभारायचे?

लांब तारेत संकेत मंदावेल ही शंका हिशेबात टिकत नाही. अर्धा चौरस मिलिमीटर तांब्याच्या तारेचा रोध किलोमीटरला चाळीस ओहमच्या आत असतो. केबिन १० मीटरवर असली तर जाऊन-येऊन २० मीटर, म्हणजे पाऊण ओहम. ठोक्याला १०० मिलिअँपिअर प्रवाह धरला तरी घट ०.०८ व्होल्टपेक्षा कमी. मागांच्या मोटरी चालू-बंद होताना तारेत खळबळ होते, हा आक्षेप मात्र वजनदार आहे. म्हणून दोन्ही तारा एकमेकींना पीळ देऊन, वीजवाहिनीपासून दूर न्याव्यात. तरीही धक्का आलाच तर तो रिमोटवर येईल. एलईडी आणि रेकॉर्डर यांच्यात फक्त प्रकाश आहे, वीज ओलांडून जाऊ शकत नाही. सरळ जोडणीत ऑप्टोकपलरशिवाय हे संरक्षण मिळत नाही.

रेकॉर्डरच्या माऊसची वायर का वाढवू नये, असेही विचारले जाते. साध्या यूएसबी २.० केबलची मर्यादा ५ मीटर आहे. पुढे मध्ये रिपीटर लागतो. मोबाइल अॅप सोयीचे खरे, पण त्यासाठी रेकॉर्डर इंटरनेटवर आणावा लागतो. २०१६ मध्ये मिराई या घातक सॉफ्टवेअरने कारखान्यातून आलेले पासवर्ड तसेच ठेवलेले कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेऊन मोठमोठ्या संकेतस्थळांवर हल्ले चढवले होते. ज्याला फक्त केबिनमधून मागचे चित्रण पाहायचे आहे, त्याने ही जोखीम का घ्यावी?

सगळ्यात रास्त आक्षेप वेगळाच आहे: तार बाहेर आली की कुलुपाला अर्थ काय उरला? कुलूप हार्ड डिस्क वाचवते, मेनू वाचवत नाही. रिमोटवरून चित्रण पुसता येते, म्हणून मेनूला पासवर्ड हवाच. जोडणी तपासायला मोबाइलचा पुढचा कॅमेरा एलईडीसमोर धरावा आणि बटण दाबावे. पडद्यावर जांभळट ठिपका लुकलुकला नाही, तर एलईडीच्या दोन पायांची अदलाबदल झाली आहे का ते आधी पाहावे.