आधी घोडी बघा, मग घोडा

 

आजचा विषय एका पत्रातून आला आहे. बेळगावचे एक निवृत्त सुभेदार साहेब लिहितात: "शर्यतीतून निवृत्त झालेली एक थरोब्रेड घोडी भागीत मिळते आहे. पेन्शनच्या शिलकीतून पैसे घालायचा विचार आहे. तिच्यासाठी देशातला सगळ्यात चांगला स्टॅलियन कोणता?"

साहेब, प्रश्न थोडा फिरवू या. "सगळ्यात चांगला घोडा कोणता" असं विचारू नका, "या घोडीला शोभणारा घोडा कोणता" असं विचारा. आणि त्याच्याही आधी विचारा, "ही घोडी पैदाशीच्या लायकीची आहे का?"

प्रथम नियम समजून घ्या. थरोब्रेडच्या पैदाशीत कृत्रिम रेतन चालत नाही. घोडी प्रत्यक्ष घोड्याकडे न्यावी लागते, नाहीतर शिंगराची नोंद होत नाही. आपल्याकडे ही नोंद पुण्याची स्टड बुक अथॉरिटी ऑफ इंडिया ठेवते. त्यामुळे परदेशातला नामांकित घोडा कागदावर कितीही आवडला, तरी इथल्या घोडीला उपयोग इथल्याच घोड्याचा.

दुसरी गोष्ट कॅलेंडरची. घोडी साधारण 340 दिवस, म्हणजे अकरा महिने गाभण असते. सगळ्या शिंगरांचा अधिकृत वाढदिवस 1 जानेवारी. 31 डिसेंबरला जन्मलेलं शिंगरू दुसऱ्या दिवशी कागदावर एक वर्षाचं होतं आणि आयुष्यभर मोठ्या भावंडांशी धावतं. म्हणून शिंगरू वर्षाच्या सुरुवातीला, पण 1 जानेवारीनंतरच जन्मावं, असा हिशेब करून घोडी भरवतात. हंगामात ती साधारण 21 दिवसांनी माजावर येते आणि पाच-सहा दिवस माजावर असते. नेमका दिवस डॉक्टर सोनोग्राफीने ठरवतात. पुढे पंधराव्या दिवसाच्या आसपास पुन्हा तपासणी होते, कारण घोडीच्या पोटात जुळी क्वचितच तगतात. जुळी दिसली तर एक गर्भ तेव्हाच काढावा लागतो.

आता मुद्दा असा की स्टॅलियनकडे एका हंगामात शंभर घोड्या येऊ शकतात, घोडी मात्र वर्षाला एकच शिंगरू देते. घोड्याची एखादी जोडी फसली तर त्याच्या हिशेबात शंभरातली एक चूक. तुमच्या घोडीची जोडी फसली तर तुमचं अख्खं वर्ष गेलं.

आपल्याकडे म्हणतात, खाण तशी माती. घोडेवाले हे अक्षरशः मानतात. त्यांच्या भाषेत सावत्र भावंडं म्हणजे एका आईची. एकाच बापाच्या शिंगरांना कोणी भावंडं म्हणत नाही, कारण ती शेकड्यांनी असतात. शिंगराचा निम्मा वारसा आईचा, शिवाय अकरा महिने गर्भ तिचा आणि पुढे दूधही तिचंच.

अर्बन सी या घोडीचं उदाहरण घ्या. 1993 साली तिने पॅरिसची प्रिक्स द लार्क द ट्रायोंफ ही युरोपातली मोठी शर्यत जिंकली. पुढे तिच्या पोटी गॅलिलिओ जन्मला, तो 2001चा इंग्लिश डर्बी विजेता. नंतर सी द स्टार्स, तोही डर्बी विजेता, आणि 2009 साली त्याने आईचीच ती शर्यत जिंकली. दोघांचे बाप वेगळे, आई एक.

म्हणून घोडीचे तीन कागद मागा: तिची स्वतःची कामगिरी, तिच्या आईची आणि बहिणींची संतती, आणि ती आधी व्याली असेल तर त्या शिंगरांचा निकाल. स्वतः न जिंकलेली घोडीही चांगल्या घराण्याची असेल तर चालते. पण स्वतः जिंकलेली नाही, घराण्यातही कोणी नाही, अशी घोडी स्वस्त मिळाली म्हणून घेऊ नये.

आता घोडा. त्याच्या संततीने जिंकलेल्या मोठ्या शर्यतींचा आकडा ऐकून भुलू नका, प्रमाण काढा. समजा एका घोड्याची शंभर शिंगरं धावली आणि सहा मोठ्या शर्यतीत जिंकली. दुसऱ्याची चाळीस धावली आणि चार जिंकली. पहिल्याचं प्रमाण सहा टक्के, दुसऱ्याचं दहा. त्यातही दुसऱ्याला साध्या घोड्या मिळाल्या असतील, तर त्याचं काम आणखी मोठं.

जोडी जुळवताना तीन गोष्टी बघतात.

पहिली शरीराची ठेवण. घोडीचे पाय ज्या बाबतीत कमजोर, त्या बाबतीत घोडा भक्कम हवा. तिचा गुडघा मागे झुकलेला असेल आणि घोड्याचाही तसाच असेल, तर कागदावरची जोडी कितीही सुंदर असो, ती करू नये. स्वभावाचंही तेच. दोघंही भडक डोक्याचे असले, तर शिंगरू शर्यतीआधीच घामाघूम होण्याची शक्यता वाढते.

दुसरी गोष्ट अंतराची. 1,200 मीटर ही जोराची शर्यत, 2,400 मीटर ही दमाची. आपली इंडियन डर्बी मुंबईच्या महालक्ष्मीला 2,400 मीटरवर होते. आता मायोस्टॅटिन नावाच्या जनुकाची चाचणी निघाली आहे. घोडा कमी अंतराचा, मधल्या की लांबच्या, याचा अंदाज तिच्यातून मिळतो. पण अंतराचा अंदाज म्हणजे जिंकण्याची हमी नव्हे.

तिसरी गोष्ट वंशावळीची. लग्नात आपण सगोत्र टाळतो. घोडेवाले कधीकधी मुद्दाम सगोत्र जोडतात, पण मोजून. फ्रँकेल हा घोडा चौदा शर्यती धावला आणि चौदाही जिंकला. त्याचा बाप गॅलिलिओ, आई काइंड. काइंड कमी अंतरावर चपळ, गॅलिलिओ लांबच्या दमाचा. दोघांच्या वंशात नॉर्दर्न डान्सर हा सामाईक पूर्वज आहे: बापाकडून तिसऱ्या पिढीत, आईकडून चौथ्या. तिसऱ्या पिढीतला पूर्वज सरासरी साडेबारा टक्के वारसा देतो, चौथीतला सव्वासहा. बेरीज 18.75 टक्के. याला "तीन बाय चार" म्हणतात. याहून जवळचं नातं जोडलं तर गुणांबरोबर दोषही दुप्पट होऊन उतरण्याचा धोका वाढतो.

एवढं जुळवूनही हमी नाही, हे सांगणारं उदाहरण आपल्याच बडोद्याचं आहे. 1945 साली डान्टे या घोड्याने इंग्लिश डर्बी जिंकली. बाप निआर्को, आई रोझी लेजंड. त्याच वर्षी त्याच आईबापाचं एक वर्षाचं शिंगरू लिलावात आलं. महाराज प्रतापसिंहराव गायकवाडांनी ते 28,000 गिनींना घेतलं. त्या काळी ती विक्रमी किंमत होती. नाव ठेवलं सयाजीराव. 1947 साली तो डर्बीत तिसरा आला, आणि पुढे सुमारे 2,900 मीटरची सेंट लेजर जिंकला. सख्खा भाऊ, पण डान्टेची नक्कल नव्हे, कारण प्रत्येक शिंगरात आईबापाच्या गुणांचे पत्ते नव्याने पिसले जातात. महाराजांचा डाव यशस्वी झाला. पण तो हरला असता तरी राज्य बुडालं नसतं. आपली पेन्शन तशी नाही.

आता जवळच्या जागा. बेंगळुरूहून सुमारे 70 किलोमीटरवर तुमकुरू जिल्ह्यात कुणिगल स्टड आहे. टिपू सुलतानाच्या घोडदळापासून तिथल्या घोड्यांचं नाव आहे. पुण्याच्या बाजूला पूनावाला स्टड 1946 सालापासून आहे. तिथले निवृत्त घोडे सीरम बनवण्यासाठी मुंबईच्या हाफकिन संस्थेला दिले जात. त्यातूनच 1966 साली सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली. म्हणजे न धावणाऱ्या घोड्याचं पुढे काय, हा प्रश्न मोठ्या स्टडलाही चुकलेला नाही.

साहेब, तुमच्यापुढेही खरा प्रश्न तोच आहे. घोड्याची फी हा खर्चाचा फक्त पहिला हप्ता. अकरा महिने गाभण घोडीची देखभाल, मग शिंगरू दोन वर्षांचं होऊन धावेपर्यंत चारा, सईस, नालबंद, डॉक्टर. आणि शेवटी ते धावलं नाही, तर वीस-पंचवीस वर्षं जगणारा, कोणालाच नको असलेला एक जीव तुमच्या दारात उभा.

म्हणून पैसे देण्याआधी पाच गोष्टी लेखी मागा: घोडीची स्टड बुकमधली नोंद, घराण्याचा कागद, गर्भाशयाचा वैद्यकीय अहवाल, शर्यतीतून निवृत्त होण्याचं कारण, आणि भागीदारीत खर्चाची व शिंगराची वाटणी. निवृत्तीचं कारण पायाची जन्मजात कमजोरी असेल, तर तिथेच थांबा. पाच उत्तरं चांगली आली, तर घोडी घेऊन घोडा शोधायला निघा, आणि तो फोटोत नव्हे, स्टडवर जाऊन चालताना बघा. उत्तरं आली नाहीत, तर तिला एखाद्या चांगल्या रायडिंग स्कूलमध्ये जागा मिळवून द्या. तीही तिची सेवाच.

तुमचे प्रश्न पाठवत राहा. जय हिंद.