चिखलदऱ्याला जावे काय?

आमचे गोरेगाव मुंबईचे नव्हे. हिंगोली जिल्ह्यातले, सेनगाव तालुक्यातले. हा खुलासा आम्हाला जन्मभर करावा लागतो, म्हणून आधीच करून टाकतो. मुंबईच्या गोरेगावकराला मनात आले की माथेरान गाठता येते. आम्हाला मात्र चहूकडे सोयाबीन, तूर आणि हळद. थंड हवेचे ठिकाण पाहायचे तर आधी नकाशा उघडायचा आणि मग घरात वादाला सुरुवात करायची.

गेल्या दिवाळीत आमच्या घरी तीन पक्ष पडले. चिरंजीव आणि कन्या यांचा पक्ष बर्फाचा. पायांना लांब पट्ट्या बांधून बर्फाच्या उतारावरून भर्रकन घसरत जाणारी माणसे दोघांनी चित्रांत पाहिलेली. तेव्हा गुलमर्ग, नाहीतर औली. सौभाग्यवतींचा पक्ष महाबळेश्वरचा, कारण त्यांच्या भगिनी ते पाहून आल्या होत्या. आणि मातोश्रींचा पक्ष घरीच राहण्याचा. "माझे गुडघे घेऊन तुम्ही कुठं हिंडता रे बाबा?" असे त्यांचे म्हणणे.

बर्फाचा पक्ष पहिल्याच फेरीत गारद झाला. गुलमर्गला घसरण्याजोगा बर्फ साचायला डिसेंबर उजाडतो आणि खरा हंगाम जानेवारी-फेब्रुवारीचा. आपल्या शाळांची सुटी दिवाळीची. म्हणजे दोन-दोन दिवस आगगाडीत अवघडून बसायचे आणि हिरव्या उतारांवर उभे राहून बर्फ इथे पडतो बरे का, असे मुलांना सांगायचे! महाबळेश्वर आमच्यापासून पाचशे किलोमीटरच्याही पलीकडे. सोयाबीनचे पैसे नुकते हाती आलेले, पण त्यांवर हरभऱ्याच्या पेरणीचा हक्क आधीचा. घर सोडता येणार ते फार तर चार दिवस.

उरला चिखलदरा. त्यावर सौभाग्यवतींनी एकच प्रश्न केला, "अहो, पण तिथं आहे काय एवढं?"

प्रश्न रास्त होता. लहान ठिकाणाला माणूस हाच प्रश्न विचारतो. मोठ्या ठिकाणाला कोणी विचारत नाही, नुसते जाऊन येतो. तेव्हा मी माझ्यापरीने उत्तर गोळा केले. चिखलदरा अमरावती जिल्ह्यात, सातपुड्याच्या गाविलगड रांगेत आहे. उंची सुमारे ११०० मीटर, म्हणजे माथेरानहून चांगलीच अधिक. १८२३ साली कॅप्टन रॉबिन्सन या इंग्रज अधिकाऱ्याची नजर या पठारावर पडली. भीमाने कीचकाला मारून याच दरीत लोटले, त्यावरून कीचकदरा आणि त्याचा पुढे चिखलदरा, अशी लोकांची कथा. इथे कॉफीही पिकते, हे ऐकून सौभाग्यवती जरा नरमल्या. वाशीम, अकोला, परतवाडा आणि मग घाट. पहाटे निघालो आणि दुपारचा चहा वर घेतला. दोन रात्री राहिलो.

आता आहे काय, ते सांगतो. बहुतेक जागी गाडी अगदी जवळ जाते, ही गोष्ट गुडघेवाल्यांनी ध्यानात ठेवावी. देवी पॉइंटला कातळाखाली देवीचे ठाणे आहे आणि वरच्या खडकातून पाणी झिरपत असते. तिथे आमच्या मातोश्री अशा रमल्या की उठायला तयार होईनात. भीमकुंडाची दरी पाहून पोटात गोळा येतो; कीचकवधानंतर भीमाने इथेच हात धुतले म्हणतात. पंचबोल पॉइंटवर हाक मारली की पाच वेळा प्रतिध्वनी येतो, अशी ख्याती. कन्येने तीन मोजले, चिरंजिवांनी सात. त्यावरून जे भांडण जुंपले त्याचाही प्रतिध्वनी उमटला.

पण माझ्या मते खरा ऐवज गाविलगड. १४२५ च्या सुमारास अहमदशहा बहमनीने तो बांधला; त्याआधी गवळ्यांची मातीची गढी होती, म्हणून हे नाव. आमच्या मराठवाड्याच्या सीमेवरची असईची लढाई जिंकून आर्थर वेलस्ली इथवर आला आणि १५ डिसेंबर १८०३ रोजी त्याने हा गड नागपूरकर भोसल्यांकडून घेतला. जड तोफा उत्तरेच्या अंगाने डोंगरांतून ओढत आणायला त्याच्या फौजेला काही दिवस लागले. किल्लेदार बेनीसिंग लढता लढता पडला. दोनच दिवसांनी देवगावचा तह होऊन वऱ्हाड भोसल्यांच्या हातून गेला. "वॉटर्लूचा वेलिंग्टन तो हाच का?" चिरंजिवांनी विचारले. हाच, म्हटल्यावर बर्फाचे नाव दोन तास निघाले नाही. दरवाजे, तलाव, झुडपांत पडलेल्या तोफा यांत अख्खी सकाळ गेली. आई खाली गाडीजवळ सीताफळे खात बसल्या होत्या. इथे पाण्याच्या बाटल्या आपल्या आपण न्याव्यात आणि पायांत चपला नकोत.

सेमाडोहच्या वाटेवर मेळघाटचे जंगल लागते. १९७३-७४ मध्ये देशात जे पहिले नऊ व्याघ्रप्रकल्प झाले त्यांतला हा एक. वाघ दिसेल या आशेवर पैसे मोजू नयेत. डोंगर आणि सागवान इतके दाट की वाघ आपल्याला पाहतो, आपण त्याला नाही. वाटेवरच्या कोरकू लोकांची भाषा मात्र कान देऊन ऐकावी. ती मराठी-हिंदीच्या गोतातली नव्हेच. तिचे नाते पार तिकडे झारखंडातल्या संथाळीशी. मेळघाटचे नाव शहरी वाचकाला बहुधा कुपोषणाच्या बातम्यांतून ठाऊक असते. त्या बातम्यांतली गावे हीच. हवापालटाला गेलेल्या माणसाने तिथे सीताफळांच्या टोपलीवर पाच रुपयांसाठी घासाघीस करावी, हे मला काही बरे वाटले नाही.

तर जावे काय? नागपूर, अमरावती, अकोला, हिंगोलीच्या कुटुंबांनी अवश्य जावे, पण दोनच रात्री. तिसऱ्या दिवशी मुले कंटाळतील. पुण्या-मुंबईकरांनी एवढ्यासाठी मुद्दाम यावे, असे मी म्हणणार नाही. जंगलाची आवड असेल तर गोष्ट वेगळी. धबधबे हवेत त्यांनी पावसाळ्यात जावे. महाबळेश्वरच्या मानाने पाऊस इथे चौथाईच, पण ऑगस्टात धुके असे उतरते की दरीपाशी उभे राहून दरी दिसत नाही. दिवाळीत धबधबे रोडावतात आणि दूरवरचे डोंगर स्वच्छ दिसतात. दोन्ही एकदम मिळत नाही.

सौभाग्यवतींचा निकाल वेगळा आहे. बाजारपेठ अगदीच बेताची, सातनंतर सगळे सामसूम, आणि आमच्या निवासात गरम पाणी सकाळी तासभरच. हे सारे खरे आहे. त्या पुढल्या खेपेलाही महाबळेश्वरच म्हणणार. आई मात्र परत आल्यापासून शेजारणींना झिरपणाऱ्या पाण्याची देवी सांगत असतात. जाणाऱ्यांनी स्वेटर घ्यावेत, निवास आधी ठरवावा, घाट दिवसाउजेडी चढावा, आणि संध्याकाळसाठी पत्त्यांचा जोड विसरू नये.