पोटाचा घेर आणि जामखेडचा धडा

अहिल्यानगर जिल्ह्यातला जामखेड हा कायम पावसाची वाट पाहणारा तालुका. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये इथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला, तेव्हा जुलाब, कुपोषण आणि बाळंतपणातले मृत्यू घरोघरी ठाण मांडून होते. दवाखान्यात बसून हे थांबणार नाही, हे ओळखून आरोळ्यांनी गावातल्याच बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले. त्यांतल्या कित्येक निरक्षर होत्या, अनेक दलित वस्तीतल्या. जुलाब लागलेल्या लेकराला मीठ-साखरेचे पाणी कसे पाजायचे, हे त्या शेजारणीच्या चुलीपाशी बसून दाखवत. बालमृत्यू झपाट्याने घटले. १९७९ मध्ये आरोळे दाम्पत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

पुढे गावातल्या आजारांची तऱ्हा बदलली. रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार खेड्यातही शिरले आणि जामखेडच्या आरोग्यसेविकांच्या कामात त्यांची भर पडली.

या आजारांची सुरुवात बऱ्याचदा एकत्र होते. तिला डॉक्टर मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात. त्याच्या पाच खुणा आहेत: पोटाचा घेर पुरुषांत ९० आणि बायकांत ८० सेंटिमीटर किंवा जास्त, रक्तदाब १३०/८५ किंवा वर, उपाशीपोटीची साखर १०० किंवा जास्त, ट्रायग्लिसराइड १५० किंवा जास्त, आणि चांगले कोलेस्टेरॉल पुरुषांत ४०, बायकांत ५० पेक्षा कमी. यांतल्या तीन जुळल्या की निदान पक्के. मुळाशी असते ती पोटातली, यकृताभोवतीची चरबी. ती वाढली की शरीर इन्सुलिनला दाद देईनासे होते, स्वादुपिंडाला जादा इन्सुलिन बनवावे लागते आणि रक्तातली चरबी व दाब दोन्ही चढू लागतात. दुखत-खुपत काहीच नसल्याने माणूस वर्षानुवर्षे गाफील राहतो.

‘मी तर सडपातळ आहे’ या समजुतीवरही विसंबू नये. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांची तुलना २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आली. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे, बीएमआय २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२ टक्के. वजनकाटा आपल्याला फसवतो. टेप फसवत नाही. सगळ्यात खालची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, पोट आत न ओढता घेर मोजायचा.

सवयी बदलून खरेच फरक पडतो का? चेन्नईत साखर वाढू लागलेल्या लोकांपैकी काहींना आहार आणि चालण्याचा सल्ला देऊन सगळ्यांना तीन वर्षे पाहिले गेले. नेहमीसारखे राहिलेल्या गटात शंभरातल्या ५५ जणांना मधुमेह झाला, सवयी बदललेल्या गटात ३९ जणांना. यासाठी कोणतेही औषध लागले नव्हते.

मग सुरुवात चहापासूनच करावी. दिवसाला पाच कप आणि कपात दोन चमचे साखर म्हणजे चाळीसेक ग्रॅम साखर नुसत्या चहातून पोटात जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते दिवसभरात वरून घातलेली साखर २५ ग्रॅमच्या आत असलेली उत्तम. चहासोबतची खारी, टोस्ट, बिस्किटे आणि फरसाण आठवड्याच्या बाजारातून कमी आणली, की घरातही कमी खाल्ली जातात. ज्वारी-बाजरीची भाकरी चांगलीच, पण तिच्यासोबत मटकी-हुलग्याची उसळ आणि पालेभाजी भरपूर हवी, भाकरी मोजकी. लोणचे, पापड, वरून मीठ यांना आवर घालावा. मोटारसायकलमुळे शेतापर्यंतचे चालणे संपले आहे. ते ठरवून परत आणावे लागेल. आठवड्याला दीडशे मिनिटे झपाझप चालणे पुरते, आणि जेवणानंतरची दहा मिनिटेही साखर आटोक्यात ठेवायला मदत करतात. झोप पुरेशी हवी; तंबाखू आणि मिश्री सुटायलाच हवी.

जामखेडच्या बायकांनी चुलीपाशी बसून दाखवले तेच इथेही खरे: यातले बहुतेक निर्णय स्वयंपाकघरात होतात. म्हणून पथ्य एकट्या रोग्याचे न ठेवता सगळ्या घराचे करावे, आणि ते घरच्या बाईच्या एकटीच्या माथी मारू नये.

तिशी ओलांडलेल्यांच्या रक्तदाबाची आणि साखरेची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत होते. त्यासाठी आशाताई घरी येऊन जो फॉर्म भरतात, त्यात पोटाच्या घेराचाही प्रश्न असतो. त्या आल्या की टाळू नका. घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाचा घेर मोजून घ्या आणि तपासणीला जा.