तबकडीतला खेळ आणि तारेवरचा खेळ

समजा तुम्ही बोईसरला राहता आणि तुमची मावसबहीण पालघरला. दोघांच्याही घरी टीव्हीला जोडून खेळण्याचे एकाच जातीचे यंत्र, म्हणजे गेम कन्सोल, आहे. तिच्याकडे एका नव्या खेळाची तबकडी (डिस्क) आली आहे. तो खेळ तुम्हालाही खेळायचा आहे. आता मार्ग दोन. एक तर तोच खेळ पैसे देऊन इंटरनेटवरून उतरवून घ्यायचा, म्हणजे डाउनलोड करायचा. नाही तर येत्या रविवारी ताई तुमच्याकडे यायचीच आहे, तिला तबकडी पिशवीत टाकून आणायला सांगायचे.

खेळ तुमच्या घरी लवकर कोणत्या मार्गाने पोचेल? चटकन उत्तर देऊ नका. आधी थोडा हिशेब करू.

समजा, खेळ ५० गीगाबाइटचा आहे. एका बाइटमध्ये ८ बिट असतात. तेव्हा ५० गीगाबाइट म्हणजे ४०० गीगाबिट, अर्थात ४ लाख मेगाबिट झाले. तुमच्या घरच्या जोडणीचा वेग सेकंदाला ४० मेगाबिट असेल, तर सगळा खेळ उतरायला १०,००० सेकंद लागतील. म्हणजे जवळजवळ पावणेतीन तास! वेग सेकंदाला १० मेगाबिटच असेल, तर अकरा तासांहूनही अधिक.

आता ताईचा हिशेब. पालघरहून बोईसर रेल्वेने सुमारे १२ किलोमीटर. मध्ये उमरोळी हे एकच स्टेशन. डहाणूकडे जाणारी लोकल पकडायची, उतरायचे आणि रिक्षाने घरी यायचे. घरापासून घरापर्यंत एक तास धरू. एक तास म्हणजे ३,६०० सेकंद. ४ लाखांना ३,६०० ने भागा. उत्तर येते सुमारे १११. म्हणजे ताईच्या पिशवीतून माहिती सेकंदाला १११ मेगाबिट वेगाने वाहत आली! आणि तिने अशा दहा तबकड्या आणल्या तर? तोच वेग दसपट होईल. गाडी मात्र तेवढीच धावली!

यात एक मेख आहे. तारेवरून खेळाचा पहिला तुकडा सेकंदाच्या आतच येऊ लागतो. गाडीने मात्र तासभर काहीच येत नाही, आणि मग सगळेच एकदम येते. पहिला तुकडा यायला लागणारा वेळ ही एक गोष्ट, आणि ठरावीक वेळात एकूण किती माहिती आली ही दुसरी गोष्ट. निरोप पाठवायचा तर तार बरी, ढीगभर माहिती न्यायची तर पिशवीही कमी नाही. ही नुसती गंमत नाही बरे! २०१६ मध्ये अमेझॉन या अमेरिकन कंपनीने चक्क एक मालट्रक तयार केला होता. त्याच्या कंटेनरमध्ये १०० पेटाबाइट, म्हणजे १० कोटी गीगाबाइट, माहिती साठवून रस्त्याने नेता येत असे. पुढे ही सेवा बंद झाली, पण तिच्यामागचे गणित तुमच्या पिशवीचेच होते.

तबकडीवर लिहिलेले असते तरी काय?

तबकडी हातात घेऊन पाहा. व्यास १२ सेंटिमीटर, जाडी जेमतेम १.२ मिलिमीटर. ती पॉलिकार्बोनेट नावाच्या पारदर्शक प्लास्टिकची असते. तिच्यात अतिसूक्ष्म खळगे असतात आणि त्यांवर चकाकणाऱ्या धातूचा पातळ थर असतो. हे खळगे आतून बाहेर जाणाऱ्या एकाच नागमोडी नव्हे, तर गोगलगाईच्या शंखासारख्या चक्राकार रेषेवर मांडलेले असतात. लेसर किरण या रेषेवरून धावतो. खळग्याच्या कडेवर परावर्तित प्रकाशात बदल होतो, सपाट भागावर होत नाही. या बदलांवरून यंत्र १ आणि ० हे अंक ओळखते. सगळा खेळ, म्हणजे त्यातली चित्रे, आवाज, नियम, या दोन अंकांत लिहिलेला असतो.

ही रेषा किती लांब असेल? हेही काढता येईल. माहिती साधारणपणे मध्यापासून २४ ते ५८ मिलिमीटरपर्यंतच्या पट्ट्यात असते. वर्तुळाच्या क्षेत्रफळाचे सूत्र वापरा. या पट्ट्याचे क्षेत्रफळ सुमारे ८,७५० चौरस मिलिमीटर भरते. त्याला रेषेच्या दोन वेढ्यांमधील अंतराने भागले, की लांबी मिळाली. सीडीमध्ये हे अंतर ०.००१६ मिलिमीटर असते. तिची रेषा उलगडली तर साडेपाच किलोमीटर होईल, म्हणजे पालघर स्टेशनापासून जवळजवळ उमरोळीपर्यंत! डीव्हीडीत हे अंतर ०.०००७४ मिलिमीटर. तिची रेषा जवळजवळ १२ किलोमीटर, थेट बोईसरपर्यंत! आणि ब्लू-रे तबकडीत ते ०.०००३२ मिलिमीटर असते. तिच्या एका थरातील रेषा २७ किलोमीटर भरते. ती वाणगाव ओलांडून डहाणूच्या वाटेला लागेल!

वेढे इतके जवळ कसे आणता आले? लेसरच्या रंगामुळे. सीडीचा लेसर ७८० नॅनोमीटर तरंगलांबीचा, डीव्हीडीचा ६५० आणि ब्लू-रेचा ४०५. तरंगलांबी जितकी कमी, तितका प्रकाशाचा ठिपका बारीक करता येतो. जाड बोरूने मोठी अक्षरे निघतात आणि बारीक टाकाने लहान, तसेच हे. म्हणून सीडीवर सुमारे ७०० मेगाबाइट, डीव्हीडीच्या एका थरात ४.७ गीगाबाइट आणि ब्लू-रेच्या एका थरात २५ गीगाबाइट माहिती मावते.

तबकडीवर ओरखडा उठला तर खेळ बिघडायला हवा. पण पुष्कळदा तो बिघडत नाही. आयर्व्हिंग रीड आणि गुस्टाव्ह सॉलोमन या अमेरिकन गणितज्ञांनी १९६० मध्ये एक सांकेतिक पद्धत मांडली. तीत मूळ अंकांबरोबर काही जादा अंक असे लिहितात, की थोडे अंक नाहीसे झाले तरी उरलेल्यांवरून ते पुन्हा काढता येतात. सीडीच्या रेषेवरचा सुमारे अडीच मिलिमीटरचा तुकडा वाचता आला नाही, तरी यंत्र तो भरून काढते.

तारेवरही अशीच काळजी घेतात. खेळाचे हजारो लहान तुकडे, म्हणजे पाकिटे, करतात आणि प्रत्येकावर क्रमांक घालतात. एखादे पाकीट वाटेत हरवले, तर तुमचे यंत्र ते पुन्हा मागवते. म्हणून तबकडीतला खेळ आणि तारेवरून आलेला खेळ यांत एका बिटाचाही फरक पडण्याचे कारण नाही.

मग फरक कशात?

२ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने ११८ ॲपवर बंदी घातली. त्यात 'पब्जी मोबाईल' हा खेळ होता. ३० ऑक्टोबर २०२० पासून भारतातील खेळाडूंसाठी त्याची सेवा थांबली. खेळाच्या फायली कित्येकांच्या मोबाईलमध्ये होत्या तशाच होत्या. पण खेळ चालेना! असे का झाले?

याचे उत्तर बोईसर-तारापूरच्या मुलांना सहज कळेल. तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ पासून वीज देत आहे. घरातला दिवा तुमचा असतो, पण तो लागतो केंद्रातून येणाऱ्या विजेवर. वीज थांबली की दिवा हातात असून उपयोग नाही. याउलट बॅटरी, म्हणजे हातातला टॉर्च, आपल्यापुरती वीज आपल्याजवळ बाळगते. काही खेळ दिव्यासारखे असतात. त्यांचा अर्धा भाग कंपनीच्या दूरच्या संगणकावर, सर्व्हरवर, चालतो. काही खेळ टॉर्चसारखे असतात. ते कोणालाही न विचारता सुरू होतात.

तुम्ही म्हणाल, "मग तबकडी घ्यावी, म्हणजे झाले!" थांबा. युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीचा 'द क्रू' हा मोटारशर्यतीचा खेळ २०१४ मध्ये आला. तो तबकडीवरही मिळे. पण त्याला सर्व्हर लागत असे आणि ३१ मार्च २०२४ रोजी कंपनीने तो सर्व्हर बंद केला. तबकड्या लोकांच्या कपाटात राहिल्या आणि खेळ संपला. जून २०२५ मध्ये आलेल्या निन्टेन्डोच्या 'स्विच २' या यंत्रासाठीच्या काही पत्त्यांत तर खेळ नसतोच, फक्त किल्ली असते. खेळ इंटरनेटवरूनच उतरवावा लागतो. उलट पोलंडमधील 'गॉग' हे दुकान २००८ पासून विनाकुलूप खेळ विकते. ते उतरवून पेन ड्राइव्हवर ठेवले, तर दुकानाला न विचारताही चालतात.

म्हणजे खरा प्रश्न तबकडी की तार हा नाहीच. किल्ली कोणाच्या हातात आहे, हा आहे. तुम्ही खेळ 'विकत' घेता, तेव्हा पुष्कळदा तो वापरण्याची केवळ परवानगी घेत असता. म्हणूनच अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात १ जानेवारी २०२५ पासून विक्रेत्यांना हे ग्राहकाला स्पष्ट सांगावे लागते.

परवानगी आणि वस्तू यांतला भेद लहान नाही. तबकडी ताईने तुम्हाला दिली, तुम्ही शेजाऱ्याला दिली, तर एकाच प्रतीवर तीन घरे खेळतात. उतरवलेला खेळ बहुधा एकाच खात्याशी बांधलेला असतो. शिवाय जुने खेळ जपायचे कोणी? अमेरिकेतील व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये पाहणी केली. तेथे २०१० पूर्वी प्रसिद्ध झालेल्या दर १०० खेळांपैकी ८७ खेळ आता बाजारात मिळतच नाहीत, असे तीत आढळले. पुस्तके नाहीशी झाली तर आपण हळहळतो. खेळ हीसुद्धा कोणीतरी खपून केलेली निर्मितीच आहे.

अर्थात तबकडीही अमर नसते. आपल्याकडे समुद्र जवळ, हवा दमट, त्यातून चार महिन्यांचा पाऊस. तबकडी डबीत, कोरड्या जागी, उभी ठेवावी. पुसायची झाल्यास मऊ फडक्याने मध्याकडून कडेकडे सरळ पुसावी, गोल गोल नव्हे. गोल ओरखडा रेषेच्या बाजूनेच जातो आणि एका ठिकाणचे खूप अंक एकदम पुसतो. तसे झाले, तर रीड आणि सॉलोमन यांचे गणितही अपुरे पडते!

शेवटी एक प्रयोग करून पाहा. त्याला काही साहित्य लागत नाही. घरातले वायफाय आणि मोबाईलचा डेटा दहा मिनिटे बंद करा. तुमचे सगळे खेळ एकेक करून उघडा आणि वहीत दोन रकाने आखा. एकावर लिहा 'दिवा', दुसऱ्यावर 'टॉर्च'. कोणता खेळ कोणत्या रकान्यात गेला? 'टॉर्च'च्या रकान्यात किती नावे आली, ते मोजा. त्यांची किल्ली तुमच्या हातात आहे.