डीबगर लावायचा की टेस्ट लिहायची?

प्रोग्राम चुकीचं उत्तर देतोय. अशा वेळी डीबगर लावून तो चालता चालता थांबवून तपासायचा, की युनिट टेस्ट लिहायची? बरेच जण हे सवयीप्रमाणे ठरवतात. मी आधी एक प्रसंग सांगतो.

२५ फेब्रुवारी १९९१, सौदी अरेबियातलं दहरान. इराकी स्कड क्षेपणास्त्र अमेरिकी सैनिकांच्या बराकीवर पडलं आणि २८ जण ठार झाले. रक्षणासाठी पॅट्रियट यंत्रणा चालू होती, पण तिनं प्रतिहल्ला केलाच नाही. का?

तिचा संगणक सुरू झाल्यापासूनचा वेळ सेकंदाच्या दहाव्या भागात मोजायचा. त्याचे सेकंद करताना ०.१ नं गुणायचं. आता, १ भागिले ३ हे जसं दशांशात कधी संपत नाही, तसं ०.१ हे द्विमान पद्धतीत संपत नाही. २४ बिटांत ते कापून बसवलं होतं. चूक अगदी किरकोळ, पण यंत्रणा १०० तासांहून अधिक सलग चालली होती. तेवढ्यात ती चूक सुमारे ०.३४ सेकंद झाली. स्कड तेवढ्या वेळात अर्धा किलोमीटर पुढे जातं. रडार भलत्याच जागी शोधत राहिलं.

समजा, आपण तिथे डीबगर लावला असता. यंत्रणा सुरू करून दहा मिनिटांनी थांबवली, तर सगळं ठीकच दिसलं असतं. उलट, वेळ बदलणारं तेवढंच फंक्शन घ्या. त्याला ३६,००,००० हा आकडा द्या. उत्तर ३,६०,००० सेकंद यायला हवं, येतं सुमारे ०.३४ नं कमी. टेस्ट क्षणात नापास. शंभर तास थांबायची गरज नाही.

पण खरी मेख पुढे आहे. शंभर तासांचा आकडा टेस्टमध्ये घालायचं सुचणार कोणाला? ही यंत्रणा एका जागी इतका वेळ चालेल, असं बनवणाऱ्यांनी धरलंच नव्हतं. आठ तासांतच लक्ष्य सरकू लागतं, हे इस्रायलनं प्रत्यक्ष वापरात टिपलेल्या नोंदींवरून ११ फेब्रुवारीला कळवलं होतं. दुरुस्त सॉफ्टवेअर दहरानला पोचलं २६ तारखेला. एक दिवस उशिरा.

म्हणून माझा नियम असा. चूक कुठे आहे हेच माहीत नसेल, तर डीबगर घ्या. सापडली की लगेच दुरुस्त करू नका. आधी तीच चूक पकडणारी टेस्ट लिहा, ती नापास होताना पाहा, मग दुरुस्ती करा. ती टेस्ट कायम ठेवा. पैसे, तारखा, एकक बदलणं, अशा हिशेबाच्या कामात टेस्ट आधीच लिहा. आणि चूक वेळेच्या गणिताशी संबंधित असेल, तर ब्रेकपॉइंटवर विसंबू नका. प्रोग्राम थांबला की वेळ बिघडते आणि चूक लपते. तिथे लॉग वाचा.

फौजेत रायफलचं झिरोइंग रेंजवर करतात. अडकलेली रायफल झटपट मोकळी करायची कवायतही शिकवतात. पण ती कवायत येते म्हणून झिरोइंग टाळलेलं मी पाहिलेलं नाही.

आज तुमच्या कोडमधलं एक हिशेबाचं फंक्शन निवडा आणि त्याला तुम्ही कधीच न दिलेला मोठा आकडा देऊन पाहा. जय हिंद.